खडू, पडदा आणि प्राध्यापकांचे समाधान

वर्गात एखादे नवे उपकरण बसवले, तर ते उपयोगी आहे की नाही हे कसे ठरवायचे? विद्यार्थी मित्रहो, प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घरात नवी शेगडी आणली, तर तिची परीक्षा घेणे सोपे असते. पातेल्यात लिटरभर पाणी घ्यायचे, तापमापक बुडवायचा, घड्याळ लावायचे आणि पाणी उकळायला किती वेळ लागतो ते मोजायचे. वर्गातल्या उपकरणाची परीक्षा घेताना मात्र आपण बहुधा पाण्याकडे पाहतच नाही. शेगडी पेटवणाऱ्याला विचारतो, "काय, आवडली का शेगडी?"

विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत हे वारंवार घडते. वर्गात प्रोजेक्टर, इलेक्ट्रॉनिक फळा, ध्वनिवर्धक, चित्रफिती साठवणारा संगणक अशी साधने येतात. वर्ष-दोन वर्षांनी प्राध्यापकांच्या हाती एक प्रश्नावली पडते. आपण हे साधन आठवड्यातून किती वेळा वापरता? ते वापरायला सोपे वाटते का? आपण समाधानी आहात का? १ ते ५ यांपैकी एका आकड्यावर खूण करा. मग सरासरी काढतात आणि ती अहवालात जाते. आकडा चारच्या वर गेला, की खरेदी योग्य ठरली असे सगळे समजतात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. प्राध्यापकांना हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. खरे तर ते खरेदीच्या आधी विचारायला हवेत. पण प्राध्यापकांच्या समाधानाचा आकडा म्हणजे विद्यार्थ्यांच्या शिकण्याचा आकडा नव्हे. या दोन वेगळ्या राशी आहेत. तापमान आणि उष्णता यांत जेवढा घोटाळा नववी-दहावीच्या वर्गात होतो, तेवढाच या दोहोंत मोठमोठ्या विद्यापीठांत होतो. तुम्ही अजून शाळेत आहात, तेव्हा तुम्हाला या भानगडीशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण इलेक्ट्रॉनिक फळे आता शाळांतही आले आहेत, आणि दोन-चार वर्षांत तुम्ही त्या प्राध्यापकांसमोर बसणारच आहात. वेळ तुमचा जाणार आहे आणि पैसा तुमच्या पालकांचा. शिवाय मोजायचे काय आणि मोजतो काय, हा प्रश्न विज्ञानाचाच आहे.

थोडा इतिहास पाहू. १९१३ साली थॉमस एडिसनने असे भाकीत केले होते की, शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि चलच्चित्रांमुळे दहा वर्षांच्या आत सगळी शिक्षणपद्धती बदलून जाईल. चित्रपट दाखवण्याचे यंत्र त्याच्याच कारखान्यात तयार होत होते, तेव्हा या भाकितात थोडा व्यापाराचाही भाग असावा! दहा वर्षे गेली, शंभर गेली; पुस्तके काही गेली नाहीत. चित्रपटानंतर रेडिओ आला, रेडिओनंतर दूरचित्रवाणी, तिच्यानंतर संगणक. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले लॅरी क्यूबन या शिक्षण-इतिहासकाराने १९२० नंतरच्या या सगळ्या साधनांचा मागोवा घेऊन १९८६ साली एक पुस्तक लिहिले. त्यांना दर वेळी तीच कथा दिसली. आधी मोठमोठी आश्वासने, मग खरेदी, मग वर्गात अगदी तुरळक वापर, आणि शेवटी शिक्षकांवर ठपका.

आपल्याकडेही याचे एक उदाहरण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम सुरू केला. 'इन्सॅट' उपग्रहामुळे तो देशभर दिसू लागला. पुणे विद्यापीठातल्या केंद्रासारख्या काही केंद्रांमध्ये त्यासाठी कार्यक्रम तयार होत आणि त्यांतले अनेक कार्यक्रम उत्तम असत. तरुण वयात ते पाहून विज्ञानाकडे वळलेले लोक आजही भेटतात. पण वर्गातल्या वापराच्या दृष्टीने विचार करा. प्रक्षेपणाची वेळ एका ठिकाणी ठरणार आणि तासांचे वेळापत्रक दुसऱ्या ठिकाणी. वर्गात सेंद्रिय रसायनशास्त्र चालू असताना पडद्यावर मंदिरांचे स्थापत्य सुरू झाले, तर प्राध्यापकांनी काय करावे? कार्यक्रम थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही, मध्येच प्रश्न विचारता येत नाही. घरी बसून पाहणाऱ्याला जे साधन लाभले, तेच वर्गात अडचणीचे होते. साधन तेच, जागा बदलली की त्याची किंमत बदलते, हे लक्षात ठेवा.

मग प्राध्यापक साधने का वापरत नाहीत? ते जुन्या वळणाचे असतात, त्यांना नव्याची भीती वाटते, असे उत्तर हमखास दिले जाते. मला ते पटत नाही. याच क्यूबन यांनी २००१ साली दुसरे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात संगणक-उद्योगाच्या माहेरघरातल्या, म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतल्या शाळांबरोबर खुद्द स्टॅनफर्ड विद्यापीठाचाही अभ्यास होता. तिथले प्राध्यापक संशोधनासाठी, लेखनासाठी, व्याख्यानाच्या तयारीसाठी संगणक सर्रास वापरत होते. वर्गात शिकवण्याची त्यांची रीत मात्र फारशी बदललेली नव्हती. ज्यांच्या खोलीत संगणक सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो, त्यांना संगणकाची भीती वाटते असे कसे म्हणणार? त्यांनी हिशेब केलेला असतो. संशोधनात संगणक त्यांचे काम सोपे करतो. वर्गात तो बहुधा काम वाढवतो.

हा हिशेब तुम्हीही करून पाहा. तास ४८ मिनिटांचा आहे असे धरा. पडदा खाली ओढणे, तार जोडणे, तार बसत नाही म्हणून दुसरी शोधणे, खिडक्या झाकणे, शिपायाला हाक मारणे, यांत रोज ६ मिनिटे गेली असे समजा. म्हणजे तासाचा आठवा भाग गेला. सत्रात असे ४० तास असतील, तर पाच तास तार जोडण्यात संपले! पाच तासांत प्रकाशाचे व्यतिकरण शिकवून होते. फळ्याला तार लागत नाही, तो वीज गेल्यावरही चालतो आणि त्याला परवलीचा शब्द विचारावा लागत नाही. प्राध्यापकांची कुरकुर ऐकताना या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण माझ्या मते कुठल्याही नव्या साधनाचे नशीब पुष्कळदा त्यांवरच ठरते.

खडूबद्दल दुसरीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जपानमध्ये 'हागोरोमो' नावाचा खडू तयार होत असे. मऊ चालणारा, धूळ कमी करणारा. जगभरच्या गणितज्ञांचा तो इतका लाडका, की २०१५ साली ती कंपनी बंद होणार असे कळल्यावर अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांतल्या गणिताच्या प्राध्यापकांनी पेट्याच्या पेट्या विकत घेऊन साठवून ठेवल्या. पुढे दक्षिण कोरियातल्या एका उद्योजकाने ती यंत्रे विकत घेतली आणि तोच खडू पुन्हा निघू लागला. आता सांगा, वर्गातल्या साधनाबद्दलचे समाधान याहून जास्त कुठे दिसेल? एखाद्या प्रोजेक्टरची कोणी अशी साठवण केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

ही केवळ हौस नाही, तिच्यामागे कारण आहे. सिद्धता फळ्यावर लिहिताना प्राध्यापकांचा हात जितक्या वेगाने चालतो, जवळजवळ तितक्याच वेगाने ऐकणाऱ्याची समज चालू शकते. पडद्यावर बारा ओळी एकदम उमटतात आणि बटण दाबले की एकदम नाहीशा होतात. मोठ्या फळ्यावर मात्र पहिले गृहीतक तासाच्या शेवटीही डाव्या कोपऱ्यात शाबूत असते; मध्येच शंका आली तर मान वळवून पाहता येते. १९३१ साली आइन्स्टाइनने ऑक्सफर्डमध्ये व्याख्यान देताना वापरलेला एक फळा तिथल्या संग्रहालयात लिहिलेल्या मजकुरासह आजही जपून ठेवला आहे. असो.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी प्राध्यापकांची वकिली करतो आहे. करतोच आहे, पण निम्मीच. कारण आता त्यांच्या समाधानाची दुसरी बाजू पाहायची आहे.

समाधानी प्राध्यापक आणि तीन बल्ब

एरिक माझूर हे मूळचे हॉलंडचे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात ते १९८४ पासून भौतिकशास्त्र शिकवू लागले. व्याख्यान रेखीव, प्रयोग नेटके, टिपणे व्यवस्थित. विद्यार्थी त्यांना भरघोस गुण देत. विद्यार्थी परीक्षेत अवघड गणितेही सोडवत. प्राध्यापक समाधानी होते, विद्यार्थी समाधानी होते, विद्यापीठही समाधानी होते. त्या वेळी कोणी प्रश्नावली दिली असती, तर सगळीकडे पाचावर खूण झाली असती.

१९९० च्या सुमारास त्यांच्या वाचनात ॲरिझोनातल्या दोन संशोधकांचे लेख आले. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकूनही बल आणि गती यांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या भाबड्या कल्पना फारशा बदलत नाहीत, असे त्यांत दाखवले होते. माझूर यांना वाटले, हे दुसरीकडे होत असेल, हार्वर्डमध्ये नाही. म्हणून त्यांनी तीच चाचणी आपल्या वर्गाला दिली. प्रश्न शब्दांतले होते, आकडेमोड नव्हतीच. एक मालट्रक आणि एक लहान मोटार यांची टक्कर झाली, तर कोणी कोणावर जास्त बल लावले? अशा धर्तीचे. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही घोकलेला आहे. दोन्ही बले समान. नियम तिथल्या विद्यार्थ्यांनाही पाठ होता. तरी चाचणी सुरू होताना एका विद्यार्थिनीने विचारले की, ही उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहू, की मला खरोखर वाटते त्याप्रमाणे? या प्रश्नातच निकाल आला होता. चाचणीत विद्यार्थ्यांची कामगिरी प्राध्यापकांच्या अपेक्षेहून फारच खाली राहिली.

मग त्यांनी एक युक्ती केली. एकाच परीक्षेत एकाच विषयावर दोन प्रकारचे प्रश्न घातले. एक पाठ्यपुस्तकी, जोडण्यांच्या जाळ्यात विद्युतधारा काढण्याचा. दुसरा अगदी साधा. हा साधा प्रश्न तुम्हीच सोडवा. तीन सारखे बल्ब 'अ', 'ब' आणि 'क' एकसरीत, एका बॅटरीला जोडले आहेत. 'क' बल्बच्या दोन टोकांना एक कळ समांतर जोडली आहे. कळ उघडी असताना तिन्ही बल्ब सारखेच पेटतात. कळ बंद केली, तर 'अ' आणि 'ब' यांच्या प्रकाशाचे काय होईल? 'क' चे काय होईल? बॅटरीतून निघणारी धारा वाढेल, घटेल की तेवढीच राहील? पुढचे वाचण्याआधी उत्तर कागदावर लिहा.

कळ बंद झाली की धारेला 'क' ला वळसा घालून जाणारी, जवळजवळ विनारोध वाट मिळते. 'क' विझतो. बॅटरीचा सगळा दाब आता तीनऐवजी दोनच बल्बांत वाटला जातो, म्हणून 'अ' आणि 'ब' जास्त उजळतात आणि धारा वाढते. रोध तोच राहिला असता तर ती दीडपट झाली असती. प्रत्यक्षात तापलेल्या तंतूचा रोध वाढतो, म्हणून वाढ थोडी कमी भरते. हार्वर्डमधल्या त्या परीक्षेत अवघड गणित बिनचूक सोडवणाऱ्या कित्येकांना हा प्रश्न जमला नाही. सूत्रात आकडे घालण्याची रीत त्यांना आली होती, धारा म्हणजे काय ते आले नव्हते. आणि हे इतकी वर्षे कोणाच्याच लक्षात आले नव्हते, कारण सगळेच समाधानी होते!

माझूर यांनी यावर शोधलेला उपाय साधा आहे. थोडा वेळ बोलायचे, मग असा एक प्रश्न चार पर्यायांसह वर्गापुढे ठेवायचा. प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचे. उत्तरे फारच विखुरली असतील तर प्राध्यापकांनी पुन्हा समजावायचे. जवळजवळ सगळी बरोबर असतील तर पुढे जायचे. आणि साधारण निम्म्यांची बरोबर असतील तर शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद घालायला सांगायचे. त्यानंतर पुन्हा उत्तर नोंदवायचे. १९९१ पासून त्यांनी असे शिकवायला सुरुवात केली. त्याच धर्तीच्या चाचणीत विद्यार्थ्यांची प्रगती आधीच्या दुपटीच्या आसपास गेली.

यावर एक शंका तुमच्या मनात आलीच असेल. हुशार शेजाऱ्याचे उत्तर बाकीचे उचलत असतील, त्यात शिकणे कुठले? कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशिकीच्या वर्गात हे तपासून पाहिले गेले, आणि निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. चर्चेनंतर त्याच तत्त्वावरचा दुसरा, नवा प्रश्न दिला आणि तो ज्याने त्याने एकट्याने सोडवायचा होता. त्यातही उत्तरे सुधारलेली आढळली. ज्या गटांत आधी बहुधा कोणालाच बरोबर उत्तर ठाऊक नव्हते, त्यांतही सुधारणा दिसली. म्हणजे वादातून काहीतरी उमजत होते.

यंत्र की पद्धत?

आता गंमत पाहा. उत्तरे नोंदवण्यासाठी पुढे हातात धरण्याची छोटी यंत्रे निघाली. बटण दाबले की उत्तर प्राध्यापकांच्या संगणकावर जाते आणि पडद्यावर लगेच स्तंभालेख उमटतो. या यंत्रांना 'क्लिकर' म्हणतात. अनेक विद्यापीठांनी ती घेतली आणि शिकण्यातल्या सुधारणेचे श्रेय यंत्राला मिळू लागले. कॅनडातल्या एका महाविद्यालयात नथानिएल लासरी यांनी विचारले, श्रेय नेमके कोणाचे? एका वर्गाला क्लिकर दिले, दुसऱ्या वर्गाला पुठ्ठ्याचे पत्ते. शिकवण्याची पद्धत तीच. २००८ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: दोन्ही वर्गांच्या शिकण्यात उल्लेखनीय फरक आढळला नाही. प्राध्यापकांना क्लिकर सोयीचे वाटतात हे खरे, कारण मोजणी आपोआप होते आणि आकडे टिकून राहतात. पण सोय प्राध्यापकांची. विद्यार्थ्यांना पुठ्ठ्यानेही तितकेच शिकवले.

पद्धतीचा परिणाम केवढा असतो याचा आकडा रिचर्ड हेक यांनी १९९८ साली दिला. त्यांनी ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्या एकत्र केल्या. प्रगती मोजण्याची त्यांची रीत समजून घ्या. सुरुवातीला तुम्हाला १०० पैकी ४० गुण होते; म्हणजे ६० मिळवायचे बाकी होते. सत्राअखेर ५५ झाले, तर ६० पैकी १५ मिळवले, प्रगती ०.२५. नुसत्या व्याख्यानांच्या अभ्यासक्रमांत ही प्रगती सरासरी ०.२३ भरली. जिथे विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करून, बोलून, करून पाहायला लावले, तिथे ०.४८. या दुसऱ्या गटात महागडी उपकरणे असलेले वर्ग होते, तसे साध्या साधनांचेही होते. रिचर्ड क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ सालीच म्हटले होते की, शिक्षणाचे माध्यम म्हणजे भाजीपाला आणणारी गाडी. गाडी बदलल्याने जेवणातली जीवनसत्त्वे बदलत नाहीत. मला हे जवळजवळ पटते. 'जवळजवळ' का, ते थोड्या वेळाने सांगतो.

त्याआधी समाधानाचा हिशेब पुरा करू. २०१९ साली हार्वर्डमध्येच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाला उत्तम व्याख्यान ऐकायला मिळाले. दुसऱ्याला तोच मजकूर, पण प्रश्न सोडवत शिकायचा होता. पुढच्या वेळी गटांची अदलाबदल केली. चाचणीत स्वतः प्रश्न सोडवणारे पुढे गेले. पण आपण किती शिकलो असे वाटते, असे विचारल्यावर उलटे उत्तर आले! व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असे वाटत होते. कारण उघड आहे. अस्खलित व्याख्यान ऐकताना सगळे कळल्यासारखे वाटते. स्वतः प्रश्न सोडवताना अडखळायला होते आणि अडखळणे म्हणजे न कळणे असे आपण समजतो. सायकल शिकताना पडणारा मुलगा आणि काठावर उभा राहून पाहणारा मुलगा यांच्यात सायकल चालवणे सोपे आहे असे कोण म्हणेल, याचा विचार करा.

हाच धोका पडद्याच्या बाबतीत आहे. रंगीत आकृत्या, हलणारी चित्रे, एकामागून एक सरकणारे मुद्दे. प्राध्यापकांना वाटते धडा किती छान पार पडला, विद्यार्थ्यांना वाटते किती छान कळले. दोन्ही समाधाने खरी असतात. तीन बल्बांचा प्रश्न मात्र कोणी विचारलेला नसतो.

आता ते 'जवळजवळ'. काही गोष्टी खडूने दाखवताच येत नाहीत. पेशीचे विभाजन, वायूच्या रेणूंची धावपळ, तारेतले इलेक्ट्रॉन. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेल पारितोषिक मिळवलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ साली 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. संगणकाच्या पडद्यावर विजेचे मंडल जोडायचे, कळ दाबायची, आणि एरवी कधीही न दिसणारे इलेक्ट्रॉन सरकताना पाहायचे, अशा धर्तीची आभासी प्रयोगशाळा त्यात आहे. ती फुकट आहे आणि तिच्यातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत. तिथल्याच संशोधकांनी २००५ साली दाखवले की, काही विद्यार्थ्यांना खऱ्या बल्ब-तारांऐवजी ही आभासी मांडणी दिली, तर तत्त्वांवरच्या प्रश्नांत ते खऱ्या उपकरणांवर शिकलेल्यांच्या पुढे गेले. एवढेच नव्हे, तर नंतर खरे मंडल जोडण्यातही ते सरस ठरले. मला हा निष्कर्ष वाचून आश्चर्य वाटले होते. हाताने तार जोडण्याला पर्याय नाही असे आपण मानतो. पण इथे संगणकाने असे काही दाखवले, जे तार दाखवू शकत नव्हती. आणि विद्यार्थी नुसते पाहत नव्हते, जोडत होते.

म्हणून माझी सूचना अशी. विद्यापीठाने किंवा शाळेने साधन घेण्याआधी प्रत्येक शिक्षकाला विचारावे, तुमच्या विषयातला असा कोणता भाग आहे की जिथे खडू अपुरा पडतो? ज्यांना असा भाग सांगता येईल, त्यांच्या वर्गात साधन आधी जावे. गणिताच्या प्राध्यापकांना मोठा फळा हवा असेल तर त्यांना मोठा फळाच द्यावा. पडद्यामागे त्यांचा फळा झाकून टाकू नये. नंतर समाधान विचारावे, पण सरासरीवर भुलू नये. एका महाविद्यालयात दहाही प्राध्यापकांनी ३ वर खूण केली. दुसऱ्यात पाच जणांनी १ वर आणि पाच जणांनी ५ वर. सरासरी दोन्हीकडे ३. पण पहिल्या ठिकाणी कोणालाच त्या साधनाचे काही वाटत नाही. दुसऱ्या ठिकाणी निम्म्यांना ते जीव की प्राण आणि निम्म्यांना डोक्याला ताप. तिथे नुसती सरासरी छापणे म्हणजे माहिती फेकून देणे होय. 'रोज वापरतो' या उत्तराचेही तसेच. एक प्राध्यापक साठ चित्रे भराभर वाचून दाखवतात, दुसरे दोन मिनिटांची एकच फीत दाखवून अर्धा तास त्यावर वाद घडवतात. दोघांचीही खूण एकाच चौकटीत पडते.

आणि तिसरा प्रश्न, जो विचारायला पैसे लागत नाहीत, फक्त धैर्य लागते: साधन येण्याआधी विद्यार्थ्यांना किती येत होते आणि नंतर किती येते? हा प्रश्न विद्यापीठांनी कधी विचारायचा तो विचारोत, तुमच्या वर्गात तो येत्या आठवड्यातही विचारता येईल. शिक्षकांना विनंती आहे की त्यांनी त्यासाठी अर्धा तास द्यावा. तीन बल्बांचा प्रश्न तुम्ही आता वाचलेला आहे, म्हणून शिक्षकांनी दुसरा निवडावा. उदाहरणार्थ, कळ 'क' ऐवजी 'अ' आणि 'ब' या दोहोंना मिळून समांतर जोडली तर काय होईल? प्रत्यक्ष पडताळा पाहायला अडीच व्होल्टचे विजेरीचे तीन बल्ब आणि दीड व्होल्टचे दोन सेल पुरतात. घरातल्या विजेला हात लावायचा नाही. बल्ब जुन्या पद्धतीचे, तंतूचे घ्या. एलईडीने हा प्रयोग नीट जमत नाही. कळ क्षणभरच दाबा, कारण सगळा दाब एकट्या 'क' वर येतो.

पत्त्यांसाठी जुन्या वहीचा पुठ्ठा चालेल. प्रत्येकाने चार तुकडे कापून त्यांवर १ ते ४ आकडे ठळक लिहावेत. पहिल्या फेरीची मोजणी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहा, चर्चेनंतरची उजव्या. पुसू नका. पत्ता डोक्यावर उंच धरायचा नाही, छातीशी धरायचा. म्हणजे समोर उभ्या असलेल्या शिक्षकांना तो दिसतो आणि मागच्या बाकावरच्याला पाहून लिहिता येत नाही.